रक्ताचा दोष आणि मूत्रपिंड

श्रोतेहो, राजवाड्याच्या परिसरात झाबुआ-अलीराजपूरचे भिल्ल मजूर आपण नित्य पाहतो. त्या समाजात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष आढळतो. विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी मूत्रपिंडातील सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात. पाणी राखण्याची त्याची शक्ती क्षीण होते, आणि माणूस तर उन्हात राबणारा! १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे आरंभिलेल्या राष्ट्रीय मोहिमेने ७ कोटी लोकांचे रक्त तपासण्याचा संकल्प केला. स्तुत्यच आहे. २०१६ च्या योजनेने जिल्हा रुग्णालयांत गरिबांना विनामूल्य डायलिसिसही दिले. पण ते शेवटचे दार. रुग्ण ठरलेल्यांची लघवी आरोग्यकेंद्राने, गावच्या आशाताईंनी दरवर्षी तपासावी. तीत प्रथिने असली तर कागदी पट्टीचा रंग मिनिटाभरात पालटतो.