अनशी ढाकाचा सण आणि दहा माणसांची मोजणी

(कोल्हापूर जिल्ह्यातल्या महिला गटांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातला सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला ‘धर्म आणि बायकांचे श्रम’ असा विषय दिला आहे. मी समुपदेशन केंद्रातल्या केसेसबद्दल बोलेन अशी तुमची अपेक्षा असणार. पण दुसऱ्याच्या घरातला धर्म चव्हाट्यावर मांडणं आपल्याला फार सोपं जातं. आज मी माझ्या घरातला मांडते.

तुमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत नसेल, मी ज्यू आहे. बेने इस्राएल. मूळ गाव रायगड जिल्ह्यातलं. आडनाव ‘कर’ने संपतं, भाषा तुमचीच, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. एम.एस.डब्ल्यू. करून नोकरीसाठी कोल्हापूरला आले तेव्हा खोली शोधताना एका घरमालकांनी विचारलं, ‘‘म्हणजे ख्रिश्चन?’’ नाही म्हटलं. ‘‘मग मुसलमान?’’ तेही नाही. बराच विचार करून त्यांनी शेवटचा प्रश्न टाकला, ‘‘मटण करता काय?’’ करते म्हटल्यावर खोली मिळाली. पुण्यात याच उत्तराला नकार मिळाला असता!

आमच्याकडे सांगतात, फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली. आम्ही त्यांचे वंशज. इतिहासकार यावर वाद घालतात, तो त्यांचा प्रश्न. पण कोकणात आमची माणसं शेकडो वर्षं घाण्यावर तेल काढत होती आणि शनिवारी घाणा बंद ठेवत होती, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, हे पक्कं. या सगळ्या काळात गावात धर्मगुरू नव्हता. पोथी नव्हती. सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनामंदिर, तेही नव्हतं. पहिलं सिनेगॉग मुंबईत १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलं. आपण लोकलने जातो ते मशीद स्टेशन, त्या नावातली मशीद म्हणजे हेच सिनेगॉग असं मानतात. हिब्रू भाषा लोक विसरून गेले होते. एक ‘शेमा’ प्रार्थना तेवढी तोंडात राहिली होती.

मग धर्म टिकला कुठे? मी म्हणते, स्वयंपाकघरात टिकला. काय पाळत होतो बघा. शनिवारी चूल पेटवायची नाही. खवले आणि पर असलेलाच मासा घरात आणायचा. मुलाची सुंता आठव्या दिवशी. सुंता सोडली तर बाकी सगळं कुणी सांभाळायचं? सणांची जुनी मराठी नावंच ऐका. खिरीचा सण. बिरड्याचा सण. हा बिरड्याचा सण म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाचा उपास, आणि त्याचं नाव पडलं उपास सोडताना केलेल्या वालाच्या बिरड्यावरून. राजे आणि लढाया विसरल्या गेल्या, बिरडं राहिलं.

आता ज्या सणाबद्दल मला बोलायचं आहे तो. जगात त्याला ‘पेसाह’ किंवा ‘पासोव्हर’ म्हणतात. इजिप्तमध्ये इस्राएल लोक फारो राजाचे गुलाम होते, मोशेने त्यांना सोडवलं, घाईत निघाल्यामुळे पीठ आंबायला वेळ मिळाला नाही, म्हणून आठ दिवस आंबवलेलं काही खायचं नाही. आमच्या आज्ज्या याला म्हणत ‘अनशी ढाकाचा सण’. अनस म्हणजे आंबट कालवणाचं मातीचं भांडं. ढाकायचं म्हणजे झाकायचं. गुलामीतून मुक्तीच्या एवढ्या मोठ्या सणाला कोकणातल्या बाईने काय नाव दिलं? माझं आंबटाचं मडकं झाकायचा दिवस! पूर्वी मला याचं हसू यायचं. आता त्यात तिची सही दिसते.

तयारी कशी असते सांगते. पंधरा दिवस आधीपासून घर उपसायचं. पावाचा, बिस्किटाचा, पिठाचा कण कुठे राहता कामा नये. डबे, फडताळं, गाद्या, मुलांच्या दप्तराचे कोपरे. पूर्वी भिंतींना चुना देत, तांब्यापितळेला कल्हई लावून घेत. सणाची भांडी वेगळी, ती माळ्यावरून काढायची, आठ दिवसांनी परत चढवायची. आमच्याकडे तांदूळ चालतो, युरोपातल्या अनेक ज्यूंना चालत नाही. पण चालतो म्हणजे काय, तर दाणा दाणा निवडून, त्यात गव्हाचा एक दाणाही सापडू नये. मोठ्या कुटुंबाचे आठ दिवसांचे तांदूळ निवडून बघा एकदा. मग बिनखमिराची भाकर, ‘मात्सा’. पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांत मळून, लाटून, भाजून झाली पाहिजे. एकोणिसाव्या मिनिटाला ती बाद. खजूर शिजवून, गाळून ‘हरोसेत’ करायचं. काळ्या मनुका भिजवून सरबत करायचं, आमच्याकडे वाइनच्या जागी तेच. हल्ली मात्साची पाकिटं इस्रायलहून येतात. ती आली तेव्हा माझी आई म्हणाली, ‘‘देव आहे.’’

आदल्या रात्री एक विधी असतो. घरातला कर्ता पुरुष दिवा घेऊन कानाकोपऱ्यात पावाचा कण शोधतो. पंधरा दिवस आईने घासलेल्या घरात बाबांना काय सापडणार? मग शोध वाया जाऊ नये म्हणून पावाचे दहा तुकडे आधीच लपवून ठेवायचे अशी रीत आहे. आई ठेवायची, बाबा शोधायचे, आम्ही मुलं टाळ्या वाजवायचो. दहावा तुकडा सापडला की बाबा आशीर्वाद म्हणायचे आणि घर शुद्ध झालं असं जाहीर व्हायचं. मी माझ्या वडिलांची टिंगल करत नाही. ते प्रेमळ होते. पण जाहीर करण्याचं काम कुणाकडे आणि घासण्याचं कुणाकडे, हे आपण शिबिरांत फळ्यावर लिहून शिकवतो, ते मला घरात फुकट शिकायला मिळालं.

पेसाहच्या रात्री वाचायचं पुस्तक असतं, त्याला ‘हगादा’ म्हणतात. मराठी भाषांतरासह एक हगादा १८७४ साली पुण्यात छापली गेली. तिच्यातली चित्रं जरूर बघा. मात्सा तयार करण्याची चित्रं आहेत आणि त्यात लुगडं नेसून जमिनीवर बसलेल्या बायका काम करताहेत. चित्रकाराने बरोबर पाहिलं होतं. चित्रात आम्ही आहोत. गोष्ट वाचायला मात्र घरातला पुरुष बसतो.

आता दहाच्या मोजणीकडे येते. सिनेगॉगमधली सामुदायिक प्रार्थना पूर्ण व्हायला दहा प्रौढ पुरुष लागतात. त्याला ‘मिनियान’ म्हणतात. प्रौढ म्हणजे तेरा वर्षं पूर्ण. बाई मोजत नाहीत. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात आमची संख्या वीस हजारांवर होती. १९४८नंतर लोक इस्रायलला जात राहिले, आज पाच हजारही उरलेलो नाही. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली आम्हाला अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, म्हणजे कागदावर आमची मोजणी झाली. पण कोकणातल्या कित्येक सिनेगॉगमध्ये रोजची प्रार्थना थांबली आहे. सणाला मुंबई-ठाण्याहून माणसं आली तर दार उघडतं.

काही वर्षांपूर्वी पेसाहला मी आमच्या जवळच्या एका सिनेगॉगमध्ये होते. नाव सांगत नाही, कारण हे कुठेही घडलं असतं. चार दिवस आधीपासून आम्ही बायका तिथे होतो. झुंबरं पुसली, पितळी दिवे चिंचेने घासले, फरशी धुतली. संध्याकाळी मोजणी झाली. पुरुष नऊ. बायका चौदा. दहावा मिळेना. एक तास थांबलो. कुणीतरी फोन लावत होतं, कुणीतरी रस्त्यावर जाऊन बघत होतं. माझी आत्या ऐंशीच्या पुढची, सगळी प्रार्थना तोंडपाठ, चष्मा नसला तरी अडत नाही. ती कडेला बसून होती. शेवटी मुंबईहून आलेल्या एका कुटुंबातला मुलगा गाडीत झोपला होता, त्याला उठवून आणलं. नुकतीच तेरा वर्षं झाली होती. त्याला हिब्रूचं एक अक्षर येत नव्हतं, डोळे चोळत उभा राहिला. दहा झाले. प्रार्थना सुरू झाली.

मी आत्याकडे पाहिलं. ती म्हणाली, ‘‘बरं झालं बाई, पोरगा मिळाला.’’ तिला खरंच आनंद झाला होता. मला काय वाटलं ते मी तिला तेव्हा सांगितलं नाही.

तुम्ही म्हणाल, धर्माचा नियम आहे, काय करणार. पण नियम बदलले आहेत. अमेरिकेत कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाने १९७३ साली बायकांना मिनियानमध्ये मोजायला परवानगी दिली. सुधारक पंथांत तर हा भेद नाहीच. आणि हे सगळं ‘पाश्चात्य खूळ’ आहे म्हणणाऱ्यांना मी डॉ. जेरुशा झिराड यांचं नाव सांगते. आमच्याच समाजातल्या. लंडन विद्यापीठातून १९१९ साली एम.डी. झाल्या, विषय स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्र. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या १९२८ ते १९४७ प्रमुख होत्या, १९६६ साली पद्मश्री मिळाली. याच बाईंनी १९२५ साली मुंबईत उदारमतवादी विचारांची ‘ज्युइश रिलिजस युनियन’ सुरू केली. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी, आपल्याच मुंबईत. आमच्या घरी त्यांचं नाव ‘मोठ्या डॉक्टरीणबाई’ म्हणून निघायचं. त्यांच्या या दुसऱ्या कामाबद्दल मला कुणी सांगितलं नाही, मी ते कॉलेजात वाचलं.

बाळंतपणाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट. मोशेच्या जन्माआधी फारोने इस्राएली बायकांच्या दायांना हुकूम दिला, मुलगा जन्मला की मारून टाका, मुलगी असेल तर जगू द्या. दोन दाया होत्या, शिफ्रा आणि पुआ. त्यांनी हुकूम मानला नाही. राजाने जाब विचारला तर म्हणाल्या, या बायका मोठ्या दणकट, आम्ही पोचायच्या आधीच मोकळ्या होतात! राजाच्या तोंडावर सरळ थाप. पुढे मोशेला टोपलीत घालून वाचवणारी त्याची आई, नदीकाठी पहारा देणारी बहीण मिर्याम, त्याला उचलून घेणारी खुद्द फारोची मुलगी. मुक्तीची सुरुवात या पाच बायकांनी केली. पण पेसाहच्या रात्री वाचतात त्या पारंपरिक हगादात शिफ्रा आणि पुआ नाहीत.

ही गोष्ट मी कोल्हापुरात मुद्दाम सांगते. २००१च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. इथे कुठल्या राजाने हुकूम काढला नव्हता. सोनोग्राफी मशीनवर नजर ठेवणारी यंत्रं बसवावी लागली. नंतर आकडा थोडा सुधारला, पण आपल्यातल्या ज्या जणी त्या काळात तालुक्यातालुक्यात हिंडल्या त्यांना माहीत आहे, नर्स आणि डॉक्टर यांच्यात ‘नाही’ म्हणणारं माणूस शोधणं किती अवघड होतं. मला तेव्हा त्या दोन दायांची फार आठवण यायची.

आणखी एक सांगून टाकते, कारण बाहेर चहाच्या वेळी तुम्ही विचारणारच आहात. सेदरच्या, म्हणजे पेसाहच्या रात्रीच्या जेवणात, इजिप्तवरच्या दहा अरिष्टांची नावं घेताना प्रत्येक नावाला प्याल्यातून एक थेंब काढायचा असतो. शत्रूच्या दुःखाने आपला प्याला तेवढा रिकामा व्हावा, असा त्याचा अर्थ लावतात. माझा मामेभाऊ इस्रायलमध्ये आहे. ७ ऑक्टोबर २०२३ला आम्ही रात्रभर फोन लावत बसलो होतो. त्यानंतर गाझात मेलेल्या मुलांचे फोटो आले. पुढच्या पेसाहला मी थेंब काढताना त्या मुलांचा उल्लेख केला आणि जेवण होईपर्यंत मामी माझ्याशी बोलली नाही. माझ्या घरात हा प्रश्न सुटलेला नाही.

कोल्हापुरात सिनेगॉग नाही. त्यामुळे इथे मोजणीही नाही, हे मला फार उशिरा लक्षात आलं. सुट्टी मिळाली नाही त्या वर्षी मी खोलीतच सण करायचा ठरवलं. मी डबे घासत बसलेली बघून घरमालकीण काकू म्हणाल्या, ‘‘आवो ताई, दिवाळी हुन किती म्हयनं झालं, आत्ता कसली झाडलोट काढलीसा?’’ सांगितलं तर त्यांनी लक्ष्मीपुरीतून आणलेले तांदूळ माझ्याबरोबर निवडायला घेतले. निवडता निवडता म्हणाल्या, ‘‘म्हंजे तुमच्यातबी हे बाईच्याच गळ्यात.’’

रात्री केंद्रातल्या पाच जणी आल्या. एक मराठा, दोघी बौद्ध, एक मुसलमान, एक जैन, तिच्यासाठी कंद वगळून वेगळं केलं होतं. चैत्री पौर्णिमा होती. पेसाह पौर्णिमेलाच येतो, बहुतेक वर्षी जोतिबाच्या यात्रेची आणि आमची पौर्णिमा एकच असते. खालून गुलालाने माखलेले ट्रक ‘चांगभलं’ करत चालले होते. आम्ही पाळीपाळीने हगादा वाचली. शिफ्रा-पुआचा भाग मी वहीत लिहून घेतला होता, तो काकूंनी वाचला, अक्षर लावत लावत. एलिया संदेष्ट्यासाठी एक प्याला भरून दार उघडं ठेवायचं असतं. अमेरिकेतल्या स्त्रीवादी ज्यू बायका १९८०च्या दशकापासून शेजारी पाण्याचा एक प्याला मिर्यामसाठी ठेवू लागल्या, तोही ठेवला. उघड्या दारातून काकूंचा नातू आत आला आणि मिर्यामचं पाणी पिऊन गेला.

यंदा मी त्या सिनेगॉगच्या विश्वस्तांना पत्र लिहिलं. मागणी मोठी नाही. नऊ पुरुष असतील आणि दहावा नसेल, तर तासभर रस्त्यावर शोधण्याऐवजी आत बसलेल्या बायकांपैकी जिला प्रार्थना येते तिला धरावं का, एवढं बैठकीत बोलावं. अजून उत्तर नाही. आत्याला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, ‘‘पत्र राहू दे गं. तू चार दिवस आधी ये. झुंबरं पुसायची आहेत, आणि माझा हात आता वर जात नाही.’’

मी जाणार आहे. पत्राची दुसरी प्रत पिशवीत घातली आहे.