फडावरची आई
(मंडळाच्या महिला शाखेतर्फे झालेले भाषण)



गणपतीत हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण दिवाळीच्या सुमारास आपल्या बेळगाव जिल्ह्यात बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतील, आणि इथल्या बऱ्याच घरांचा ऊस त्याच तोडतील. गेल्या हंगामात आम्ही पाचजणी एका फडावर गेलो होतो.

तीन महिन्यांचं बाळ बांधावर, साडीच्या झोळीत. राखायला सात-आठ वर्षांची बहीण. आई पहाटे पाजून कोयता घेऊन शिरलेली. नऊ वाजले तरी तिला सवड नव्हती. नवरा-बायको मिळून एक कोयता, मजुरी टनावर, उचल आधीच घेऊन संपलेली. बाळ रडलं तेव्हा बहिणीने चहात बिस्कीट बुडवून त्याच्या तोंडाला लावलं. आई लांबून बघत होती. म्हणाली, "ताई, आता दूधच येईना."

दूध बहुधा अशक्तपणाने आटत नाही. बाळ जितकं ओढतं तितकं ते तयार होतं; तासन् तास छाती भरलेली राहिली की शरीर हात आखडता घेतं. म्हणून अशा बाईला रात्रीचं पाजणं फार मोलाचं. निघताना हाताने दूध पिळून, झाकलेल्या स्वच्छ वाटीत, थंडीच्या दिवसांत सावलीला ठेवलं तर चार तास टिकतं. वाटी-चमच्याने पाजावं, बाटली नको. सहा महिने वरचं काही नको, पाणीसुद्धा. आम्ही हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "हात कुठं धुवू?"

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो.

कायद्याने नोकरदार बाईला 2017 पासून पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजायला दिवसातून दोनदा सुट्टी आहे. आमच्या सुनांनी रजा घेतली. टनावर राबणारीपर्यंत यातलं काही पोचत नाही. आणि आम्ही तरी कुठे धुतल्या तांदळासारख्या? भांगलणीला आलेली बाई पाजायला बसली की "किती वेळ गं?" असं आम्हीच बांधावरून ओरडलो आहोत.

यंदा ज्यांचा ऊस तुटायचा आहे त्यांनी मुकादमाशी आधीच बोलून ठेवावं: अंगावर पिणारं बाळ असेल तिला दर दोन-तीन तासांनी सोडायचं, कुरकुर करायची नाही. बांधावर सावली, साबण आणि भरलेली घागर आपण ठेवायची. तयार असतील त्यांनी आरतीनंतर आमच्याकडे नावं द्यावीत. घागरी आम्ही पोचवू.