चालढकल, शंका आणि मनाची शिस्त



जे काम करावयास हवे हे सर्वांना मान्य आहे, ज्याला फारसा पैसा लागत नाही आणि ज्यात कोणाचे नुकसानही नाही, असे काम वर्षानुवर्षे पडून का राहते? भोर-वेल्ह्याकडील पुष्कळ घरांत घडणारी एक गोष्ट घ्या. वडील वारले. सातबाऱ्यावर वारसांची नावे लावावयाची आहेत. ही खबर तीन महिन्यांच्या आत द्यावी, असे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने सांगून ठेवले आहे. पण थोरला मुंबईस, धाकटा पुण्यास. ‘दिवाळीत सगळे जमलो की पाहू’ असे ठरते. दिवाळी येते, फराळ होतो, विषय मात्र निघत नाही. पुढे थोरला जातो. त्याची मुले वारस होतात, मागोमाग बहिणींची मुले होतात. तीन सह्यांचे काम तेरा सह्यांवर जाते आणि एका ताटात जेवलेल्या भावांची नातवंडे कोर्टात समोरासमोर उभी राहतात. यात लबाड कोणीच नव्हते. चालढकल एवढाच काय तो दोष होता.

चालढकलीला आपण आळस म्हणतो. आम्हांस हे निदान अपुरे वाटते. आळशी माणूस स्वस्थ बसतो. चालढकल करणारा दिवसभर राबत असतो, फक्त ते एक काम सोडून. तो कपाट आवरील, शेजाऱ्याच्या घरच्या लग्नात धावपळ करील, पण त्या कागदाला हात लावणार नाही. कारण त्याच्या पोटात शंका असते. मला हे जमेल काय? भावाशी बोलावयास गेलो आणि शब्दाने शब्द वाढला तर? परीक्षेला बसलो आणि नापास झालो तर? काम पुढे ढकलले की मन घटकाभर हलके होते आणि त्या हलकेपणाची चटक लागते. इकडे न झालेले काम रोज साक्ष देत राहते की, ‘पाहा, तुझ्याने होत नाही.’ शंकेने काम लांबते आणि लांबलेल्या कामाने शंका वाढते. या रहाटगाडग्यातून सुटावे कसे?

‘आधी आत्मविश्वास मिळवा, मग कामाला लागा,’ असा उपदेश पुष्कळ होतो. आमचे म्हणणे नेमके उलटे आहे. विश्वास हा कामाचा पगार आहे. तो आगाऊ मिळत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात सवयीवर एक प्रकरण लिहिले आहे. निश्चय केला की तो अमलात आणण्याची पहिलीच संधी साधावी आणि सवय मुरेपर्यंत एकही अपवाद करू नये, असा त्यातील बोधाचा आशय आहे.

पण हे शिकण्यासाठी अमेरिकेपर्यंत जावयास नको. आपल्या मावळातला भातकरी हेच करीत आला आहे. चैत्र-वैशाखात, आकाशात ढगाचा ठिपकाही नसताना, तो शेण, गवत, पालापाचोळा पसरून राब भाजतो. पाऊस वेळेवर येईल याची त्याला कोणी हमी दिलेली असते काय? शंका त्यालाही असते. पण तिच्यासाठी तो राब थांबवीत नाही. आता भाजणीऐवजी गादीवाफ्यावर रोपे करण्याचा सल्ला दिला जातो; रीत बदलली तरी तयारी पावसाआधीच करावी लागते. पुढे रोपे साधारण तीन आठवड्यांची झाली की लावणीची वेळ होते. फार दिवस राबातच राहिलेल्या रोपाला फुटवे कमी येतात. रोप मरत नाही, हिरवेच दिसते. लोंब्या मात्र कमी येतात. लांबवलेल्या कामाचेही असेच आहे. ते पुढे होतेही. पण फुटवा गेलेला असतो.

यावर कोणी विचारील, ‘थांबणे हे कधी शहाणपणाचे नसते काय?’ असते. त्यासाठी राजगडाकडे पाहावे. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला ज्याचे नाव देण्याचा निर्णय घेतला, तोच हा गड. मुरुंबदेवाच्या डोंगरावर शिवाजीमहाराजांनी तो उभारला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले गेले, बारा राहिले. राहिलेल्यांत राजगड आणि तोरणा होते. १६६६ साली महाराज आग्र्याहून सुटून राजगडावर परतले आणि पुढची सुमारे तीन वर्षे त्यांनी मोगलांशी उघड युद्ध टाळले. वरवर पाहणाऱ्याला ही चालढकलच वाटली असती. पण त्या काळात राज्यकारभाराची घडी नीट बसवली जात होती, बळ साठवले जात होते. १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसऱ्यांनी प्राण देऊन कोंढाणा घेतला, मार्चमध्ये पुरंदर परत आला, आणि गेलेले किल्ले एकामागून एक स्वराज्यात येऊ लागले.

तेव्हा वाट पाहणे आणि चालढकल करणे यांतला भेद ओळखण्याची कसोटी सोपी आहे. थांबलेल्या दिवसांत काही वाढते आहे काय? कागद जमताहेत, अभ्यासाची पाने पुढे सरकताहेत, राब भाजून तयार होतो आहे, तर ती तयारी होय. नुसत्या तारखाच बदलत असतील, तर ती चालढकल.

शिस्त म्हणजे मनाला चाबूक मारणे नव्हे. काम इतके लहान करावे की शंकेला बसावयास जागा उरू नये. वारसनोंद करावयाची, असे म्हटले की डोंगर दिसतो. उद्या मृत्यूचा दाखला काढावयाचा, असे म्हटले की एक हेलपाटा दिसतो. त्या तुकड्याला वेळ ठरवून द्यावी आणि ती मनाच्या लहरीवर सोडू नये. एखादा दिवस हुकलाच, तर स्वतःला शिव्या देण्यात दुसरा दिवस घालवू नये. आणि शक्य तर सोबत घ्यावी. इर्जिकीला दहा माणसे शेतात उतरली म्हणजे शेतमालकाला घरी बसून राहता येत नाही. शब्द दिलेला माणूस वेळेवर उठतो.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या मनात या घटकेस एक काम उभे राहिले असेल. ते कोणते, हे आम्ही विचारीत नाही. पण घरी जाल तेव्हा त्याचा पहिला तुकडा आजच उरका. भावाशी बोलावयाचे असेल, तर फोन लावा. नऊ वाजले आहेत, तो अजून जागा असेल.