अपील म्हणजे स्थगिती नव्हे

मी वकील नाही. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, सॉफ्टवेअरची नोकरी करतो. तरी मला जमिनीच्या दाव्यांवर बोलायला उभं केलंय, कारण आमच्या घरच्या दाव्याची फाईल बरीच वर्षं माझ्याकडे आहे. वकिलांना फोन मी करतो, नकला मी काढतो. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी अशी एक फाईल असेलच. घरातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी म्हणून ती कधीतरी तुमच्या हातात येणार आहे.

निकाल विरोधात गेला की घरात पहिलं वाक्य ऐकू येतं, 'अपिलात जाऊ.' अपील दाखल होतं, नंबर पडतो आणि सगळे निर्धास्त होतात. प्रकरण वर गेलंय, आता कोण हात लावणार! घात होतो तो इथेच. दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश 41, नियम 5 स्पष्ट सांगतो की नुसतं अपील केल्याने हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. जिंकलेला पक्ष दरखास्त दाखल करू शकतो, ताब्याचं वॉरंट निघू शकतं, बेलिफ दारात उभा राहू शकतो. तुमचं अपील वर जिवंत असलं तरी! आमच्या भाषेत, डीफॉल्ट सेटिंग 'अंमलबजावणी चालू' अशी आहे. ती थांबवायची तर वेगळा अर्ज द्यावा लागतो. त्यालाच स्थगितीचा अर्ज म्हणतात, किंवा सरळ 'स्टे'.

स्टे देण्याआधी कोर्ट मुख्यतः तीन गोष्टी पाहतं. स्टे नाही दिला तर तुमचं मोठं नुकसान होणार आहे का? अर्ज विनाकारण उशीर न करता दिलाय का? आणि उद्या अपील हरलात तर समोरच्याचं देणं भागवायला तारण देताय का? यातला दुसरा मुद्दा आपल्या हातातला आहे आणि आपण त्यातच कमी पडतो. जिल्हा न्यायालयात अपिलाला 30 दिवस, उच्च न्यायालयात 90. नकल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, म्हणून नकलेचा अर्ज लगेच टाका. अपिलाची मुदत संपण्याआधी, ज्या कोर्टाने निकाल दिला तेच कोर्ट काही दिवसांची स्थगिती देऊ शकतं. निकाल ऐकल्या दिवशीच वकिलांना ती मागायला सांगा. मुदत उलटून अपील केलंत, तर कोर्ट आधी उशीर माफ करायचा का ते बघतं, आणि अपील ऐकायचं असं ठरेपर्यंत स्टे देऊच शकत नाही. या काळात घर पाडलं गेलं तर? पुढे अपील जिंकलात की कलम 144 खाली ताबा परत मागता येतो. जमीन परत मिळेल. भिंती मिळणार नाहीत.

आता याची दुसरी बाजू सांगतो. माझ्या दृष्टीने ती जास्त महत्त्वाची आहे, आणि ती आमच्याच घरातली आहे.

दादांच्या मागे तालुक्याच्या गावी एक घर आणि रस्त्याकडेची दोन दुकानं राहिली. फुफीने वाटणीचा दावा लावला. प्रतिवादी तिचे तीन भाऊ. त्यांतले एक माझे अब्बा. फुफी जिंकली. भावांनी अपील केलं, स्टे मागितला आणि मिळाला, तोही कुठल्याही अटीशिवाय. वाटप जागेवरच थांबलं. दुकानांचं भाडं मात्र थांबलं नाही. ते दर महिन्याला भावांकडे येत राहिलं. असं सहा वर्षं चाललं. तारखा पडत होत्या आणि त्या लांबल्याचं आमच्या घरात कुणालाच दुःख नव्हतं. कशाला असेल? निकाल बहिणीच्या बाजूचा, ताबा भावांचा.

मग फुफीने वकील बदलला. नव्या वकीलबाईंनी एकच अर्ज दिला: स्टे राहू द्या, पण भाडं कोर्टात जमा होऊ द्या. कोर्टाने तसा हुकूम केला. पुढच्या सणाला अब्बांनीच विषय काढला की आता मिटवून टाकू. दीड वर्षात तडजोड झाली, फुफीला तिचा हिस्सा मिळाला. मागच्या सहा वर्षांच्या भाड्याचा हिशोब अजून कुणी नीट केलेला नाही. तो मागायचं तिने सोडून दिलंय, मी नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये आत्माराम प्रॉपर्टीज प्रकरणात हेच सांगितलं आहे: ताबा सोडण्याच्या हुकुमाला स्थगिती देताना कोर्ट वाजवी रक्कम भरायची अट घालू शकतं. तेव्हा तुम्ही जिंकलेल्या बाजूला असाल, तर निकालानंतर लगेच कॅव्हेट दाखल करा, म्हणजे तुम्हाला न ऐकता स्टे मिळणं अवघड होईल. ते 90 दिवस चालतं. आणि स्टे मिळालाच, तर अट मागा.

स्टे म्हणजे विजय, हा दुसरा गैरसमज. अयोध्येच्या 2.77 एकर जागेची तीन भागांत वाटणी करणारा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा निकाल 30 सप्टेंबर 2010 रोजी आला. 9 मे 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, कारण वाटणी तर कुठल्याच पक्षाने मागितली नव्हती. जागेवर 'जैसे थे' राहिलं. अंतिम निकाल 9 नोव्हेंबर 2019 रोजी लागला आणि जागा मंदिरासाठी गेली. साडेआठ वर्षांच्या त्या स्थगितीने मालकी कुणाची, याबद्दल काहीच ठरवलं नव्हतं. स्थगिती फक्त मधला काळ सांभाळते.

आणि तिचा कागद जागेवर पोचावा लागतो. 20 एप्रिल 2022, दिल्लीतली जहांगीरपुरी. ते अपील नव्हतं, महापालिकेची पाडापाडी होती. पण बघा काय झालं. सर्वोच्च न्यायालयाने सकाळी 'जैसे थे'चा आदेश दिला, टीव्हीवर बातमी आली, तरी बुलडोझर चालूच. आदेश हातात आलेला नाही, हे कारण. शेवटी वृंदा करात प्रत घेऊन समोर उभ्या राहिल्या. गंमत म्हणजे आदेश इलेक्ट्रॉनिक मार्गाने पोचवणारी 'फास्टर' ही यंत्रणा त्याच न्यायालयाने तीनच आठवडे आधी सुरू केली होती. सिस्टीम लाँच होणं आणि निरोप पोचणं यातलं अंतर आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना चांगलं माहीत आहे. अपिलातल्या स्थगितीसाठी नियम 5 मध्येच एक सोय आहे: आदेशाची प्रत यायला वेळ लागत असेल, तर अपीलकर्त्याने स्वतःच्या माहितीवरून शपथपत्र द्यायचं आणि खालच्या कोर्टाने ते मानून थांबायचं. हे शपथपत्र आदेशाच्या दिवशीच करून घ्या.

एक विचारतात, स्टे सहा महिन्यांनी आपोआप उठतो ना? 2018 च्या एका निकालाने तसं झालं होतं. टाइमआऊट म्हणून इंजिनिअरला तो नियम आवडावा असाच. पण तारीख कोर्टाने द्यायची आणि शिक्षा पक्षकाराला, असा प्रकार होता. 29 फेब्रुवारी 2024 रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो रद्द केला. आता स्टे आपोआप उठत नाही. उठवायचा तर अर्ज द्यावा लागतो.

आज घरी गेल्यावर फाईल उघडा आणि 16 अक्षरी सीएनआर नंबर शोधा. ई-कोर्ट्स ॲपमध्ये तो टाकलात की पुढची तारीख आणि आदेश दिसतील. स्टे आहे का, कुठल्या तारखेपर्यंत आहे, अट काय आहे, हे वकिलांना विचारण्याआधी स्वतः वाचा. फोन आणलेत ना? ज्यांच्याकडे नंबर आहे त्यांनी पुढे या, इथेच बघू.