वस्तीची गाडी आणि आपले डोंगर

(मंडळाच्या श्रावणातील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बेळगावला गरिबांचे महाबळेश्वर म्हणतात, हे आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण या महाबळेश्वराचे डोंगर हल्ली आपण मोटारीच्या काचेतूनच पाहतो. चोर्ला घाटाने गोव्याला निघालो की कणकुंबी केव्हा मागे पडली तेही कळत नाही. मुलांना मनालीचे हॉटेल आठवते, पण मलप्रभा कुठे उगम पावते ते सांगता येत नाही.

आम्ही मंडळाचे काही सभासद महिन्यातून एका रविवारी सरकारी बसने डोंगराकडे जातो, चालतो आणि दिवेलागणीच्या आत घरी परततो. आमच्यात सत्तरी ओलांडलेले आहेत, सुना आहेत, शाळकरी नातवंडे आहेत. "मोटार असताना बसने कशाला?" असे आम्हाला हमखास विचारले जाते. त्याचे पहिले उत्तर सोपे आहे. मोटार जिथे उभी केली तिथेच परत यावे लागते. बसने गेलो तर एका गावात उतरून दुसऱ्या गावात गाडी पकडता येते. डोंगर ओलांडून पलीकडे जाण्याची मजा बसवाल्यालाच मिळते.

मात्र बसची रीत समजून घ्यावी लागते. गावाची गाडी गावाच्या सोयीने धावते. सकाळी ती शाळा-कॉलेजची मुले, बाजाराला आणि कचेरीच्या कामाला निघालेली माणसे घेऊन शहरात येते, आणि संध्याकाळी त्यांना परत नेते. आपला प्रवास नेमका उलटा असतो. त्यामुळे सकाळी जाताना खिडकीची जागा बहुधा मिळते. खरी काळजी परतीची. गावाकडे जाणारी शेवटची गाडी अनेकदा वस्तीची असते. ती रात्री गावातच थांबते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि पहाटे शहराकडे निघतात. म्हणजे संध्याकाळी सातला गाडी येते, एवढ्यावर विसंबून चालत नाही. म्हणून सकाळी उतरतानाच विचारावे, "मामा, परतीची शेवटची गाडी किती वाजता? आणि ती वस्तीची तर नव्हे ना?" शाळेसाठी सोडलेली फेरी रविवारी नसते, असेही होते, तेव्हा आदल्या दिवशी बसस्थानकावर चौकशी केलेली बरी.

यावरून आम्ही एक नियम ठरवला आहे. आडगावाला गाडीने जायचे आणि पायी हमरस्त्याकडे यायचे. हमरस्त्यावर एक गाडी चुकली तर दुसरी मिळते.

पहिल्यांदा येणाऱ्यांनी येळ्ळूरच्या राजहंसगडापासून सुरुवात करावी. येळ्ळूरपर्यंत बस आहे. गडावर डांबरी रस्ता जातो, त्यामुळे गुडघे कुरकुरणाऱ्यांनीही घाबरायचे कारण नाही, हळूहळू चढावे. गडावर सिद्धेश्वराचे मंदिर आहे. तटावरून एका बाजूला आपले शहर दिसते, दुसऱ्या बाजूला भाताची हिरवी खाचरे. अर्ध्या दिवसाची ही वाट आहे, दुपारच्या जेवणाला घरी येता येते.

दुसरी वाट वैजनाथाची. बेळगाव-वेंगुर्ले रस्त्यावर शिनोळी लागली की आपण महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात येतो. तिथून देवरवाडी आणि वरचा वैजनाथ. तिथे वैजनाथ आणि आरोग्य भवानी अशी दोन मंदिरे आहेत. आणखी वर महिपाळगड आहे, आणि त्याचे वैशिष्ट्य असे की किल्ल्याच्या आतच गाव वसलेले आहे. वर जाणाऱ्या गाड्या मोजक्याच असतात. मिळाली तर वर गाडीने जावे आणि वैजनाथावरून पायी शिनोळीला उतरावे. श्रावण-भाद्रपदात उतारावर तेरडा फुललेला असतो. तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण ज्यांनी फक्त पुस्तकात वाचली त्यांनी तो एकदा डोंगरावर पाहावा. याच तेरड्याची गौर काही घरांत बसते. कळलावीची लाल-पिवळी फुलेही झुडपांतून दिसतात. ती पाहावीत, पण तिचा कंद विषारी असतो, मुलांना हात लावू देऊ नये.

तिसरी वाट जांबोटीवरून कणकुंबीची. इथे मलप्रभा उगम पावते. हे पाणी पूर्वेकडे निघते, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थच्या धरणात साठते आणि पुढे कूडलसंगमला कृष्णेला मिळते. याच परिसरातला कळसा नाला मात्र पश्चिमेकडे वाहतो, म्हादईला मिळतो; ती गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ समुद्राला जाते. म्हणजे एकाच डोंगरावर पडलेल्या पावसाचा एक थेंब बंगालच्या उपसागराला आणि दुसरा अरबी समुद्राला. या पाण्यासाठी कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र लवादापुढे गेले, २०१८ च्या ऑगस्टमध्ये लवादाचा निवाडा आला, आणि वाद अजून चालू आहे. वर्तमानपत्रात आपण त्यावर मोठमोठे मथळे वाचतो. त्या ओढ्याकाठी उभे राहिले की तो वाद किती छोट्या धारेपासून सुरू होतो ते डोळ्यांना दिसते.

कणकुंबीच्या भागात एक पथ्य पाळावे. जवळच भीमगड अभयारण्य आहे. ते २०११ मध्ये जाहीर झाले. वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जायचे नाही. बाहेरच्या जंगलातही अस्वले आणि गवे आहेत. रस्ता आणि गावची पायवाट सोडू नये, एकट्याने जाऊ नये, अंधार पडायच्या आत गाडीच्या थांब्यावर यावे. पावसात जळवा लागतात. मोजे लांब असावेत आणि पुडीत थोडे मीठ असावे.

आता तिकिटाविषयी. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली. राज्यातल्या रहिवासी महिलांना साध्या सरकारी गाड्यांतून राज्याच्या हद्दीत मोफत प्रवास आहे, ओळखपत्र जवळ हवे. महाराष्ट्राच्या एसटीत त्याच वर्षीच्या मार्चपासून महिलांना निम्मे तिकीट आहे. आमच्या सहलींत आज बायकांची संख्या जास्त आहे, त्याचे एक कारण हे. ज्या भगिनींना डोंगर बघायला घरच्यांच्या सवडीची वाट पाहावी लागत होती, त्या आता चार मैत्रिणी जमवून निघतात. एवढेच सांगणे की शून्य रकमेचे असले तरी तिकीट मागून घ्या. त्या कागदावरच प्रवासी मोजला जातो.

आणि मोजले जाणे महत्त्वाचे आहे. गाडी वेळेवर येत नाही किंवा फेरी बंद झाली म्हणून विद्यार्थ्यांनी रस्ता अडवल्याच्या बातम्या खानापूर तालुक्यातून येत असतात. आपल्याला ती रविवारची हौस आहे. त्या मुलीला ती गाडी म्हणजे दहावीनंतरचे शिक्षण आहे. गाडी बंद पडली तर आपण दुसरा डोंगर शोधू. ती घरी बसेल. म्हणून आम्ही दोन गोष्टी पाळतो. गर्दीच्या गाडीत गावच्या माणसांना आणि मुलांना आधी जागा द्यायची. आणि डबा घरून नेला तरी चहा-भजी गावच्या हॉटेलातच घ्यायची.

एक गोष्ट आपल्या भाषेची. गाड्यांच्या पाट्या बहुतेक कानडीत असतात. आमच्यातल्या काहींनी कानडी अक्षरे या पाट्यांवरूनच गिरवली, आणि त्यात कमीपणा वाटला नाही. गाडीत बसल्यावर मात्र कानावर मराठी पडते. खानापूरच्या रानातली, चंदगडच्या उतारावरची ही मराठी आपल्या घरातल्या बोलीपेक्षा वेगळ्या हेलाची आहे. "कुठलं पाव्हणं?" असे विचारून आजीबाई सरकून जागा देतात, आणि उतरेपर्यंत कुणाचे माहेर कुठले, कुणाच्या शेतात किती भात झाले हे सगळे कळते. आपली मुले इंग्रजी शाळांत शिकतात. घरात मराठी बोलतात ती आपल्याशीच. चाळीस वर्षांनी ती कुणाशी बोलतील, याची चिंता आपण या सभागृहात दरवर्षी करतो. ज्या गावांत ती भाषा रोजच्या व्यवहाराची आहे, ती गावे शहर बसस्थानकापासून एका तिकिटाच्या अंतरावर आहेत. मुलांना तिथे न्यावे, असे आमचे सांगणे आहे.

अनंत चतुर्दशीनंतर पावसाचा जोर ओसरतो आणि दिवाळीपर्यंत चालण्याचे दिवस असतात. विसर्जनानंतरच्या दुसऱ्या रविवारी राजहंसगडाची सहल ठेवली आहे. पाण्याची बाटली, भाकरी-चटणी, छत्री आणि सुटे पैसे एवढे पुरे. नावे कार्यालयातल्या वहीत लिहावीत. मोटार मात्र घरीच ठेवावी.

गणपती बाप्पा मोरया!