कारखान्यातील तेजाब आणि आपली दक्षता

धातूला मुलामा देणाऱ्या कारखान्यांपासून रंगद्रव्यांच्या उद्योगापर्यंत ज्याचा नित्य वापर होतो, त्या तीव्र गंधकाम्लाविषयी, म्हणजेच तेजाबाविषयी, आज बोलावयाचे आहे. पाण्याच्या सुमारे 1.84 पट जड असलेले हे आम्ल पाण्यात मिसळताना प्रचंड उष्णता उत्पन्न करते. म्हणून आम्लात पाणी ओतले, तर वरच राहिलेले ते पाणी क्षणार्धात उकळून आम्लाचे शिंतोडे कामगाराच्या डोळ्यांत उडवते, याउलट पाण्यात आम्ल बारीक धारेने, सतत ढवळीत सोडले, तर तीच उष्णता भोवतालच्या पाण्यात सावकाश विभागली जाते.

आम्लाशेजारी ब्लीचिंग पावडरचे पिंप ठेवणे ही तर अक्षम्य हयगय होय. कारण दोहोंच्या संयोगातून सुटणारा, हवेच्या अडीचपट जड असा क्लोरीन वायू जमिनीलगत साचून श्वास कोंडतो. भांड्यावर ठळक नामपत्र, संरक्षक चष्मा, रबरी हातमोजे आणि अंगावर आम्ल पडताच भरपूर वाहत्या पाण्याने धुण्याची सोय, ही तजवीज आगाऊच हवी.

1984 सालच्या भोपाळच्या भीषण वायुकांडानंतर, 1987 साली कारखाने अधिनियमात झालेल्या दुरुस्तीने, धोक्यांची माहिती कामगारांना देणे मालकावर बंधनकारक केले आणि आसन्न संकटाची वर्दी व्यवस्थापकास व त्याच वेळी कारखाना निरीक्षकास देण्याचा हक्क कामगारास बहाल केला. तो हक्क निर्भयपणे बजावणारा कामगार साऱ्या कारखान्याचा हितकर्ता आहे, हे मालकांनी मनोमन मानावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.