रिंगणातली तिवई



आठवडे बाजार साक्रीचा असो, शिरपूरचा असो की दोंडाईच्याचा असो, तिथे गारुड्याचा खेळ तुम्ही कधीतरी पाहिलाच असेल. डमरू वाजतो, जमिनीवर फडके अंथरले जाते, त्यावर तीन वाट्या आणि गोळ्या मांडल्या जातात आणि बघता बघता माणसांचे रिंगण उभे राहते. आता मला सांगा, त्या रिंगणातल्या किती जणांना तो खेळ खरोखर दिसतो? पुढच्या दोन रांगांना. मागच्यांच्या वाट्याला पुढच्यांची डोकी तेवढी येतात. शाळेच्या पटांगणात मुलांना प्रयोग करून दाखवणाऱ्या गुरुजींचीही हीच अडचण. वर्गातले टेबल बाहेर आणायला चार मुले लागतात, आणि आणले तरी खडबडीत जमिनीवर ते डगडगते.

म्हणून आज एका अगदी साध्या वस्तूविषयी बोलायचे योजिले आहे. खांद्याला अडकवून नेता येईल, दोन मिनिटांत उभी राहील आणि लोकांनी चारी बाजूंनी पाहिली तरी जिच्यात लपवण्यासारखे काही सापडणार नाही, अशी ही तिवई. गावातला सुतार ती सहज करून देईल.

प्रथम एक गोष्ट समजून घेऊ. रंगमंचावरच्या जादूगाराचे टेबल आणि रस्त्यावरच्या खेळकऱ्याचे टेबल ही दोन अगदी निराळी आहेत. रंगमंचावर प्रेक्षक फक्त समोर असतात, त्यामुळे टेबलाच्या मागच्या अंगाला खण ठेवता येतो, पडदा सोडता येतो. एके काळी युरोपातल्या जादूगारांची टेबले जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या कापडाने झाकलेली असत आणि कधी कधी आत चक्क मदतनीस बसलेला असे! रॉबेर-उदँ नावाच्या फ्रेंच जादूगाराने १८४५ साली पॅरिसमध्ये आपले खेळ सुरू केले, तेव्हा त्याने ही लांब झालर काढून टाकली आणि साधी, सडपातळ टेबले वापरली. टेबल जितके मोकळे, तितके लोकांचे आश्चर्य मोठे, हे त्याने ओळखले होते. आपल्याला तर हाच मार्ग धरावा लागेल. रिंगणात मागची बाजूच नसते. पोरे वाकून खालूनही बघतात. बघू द्या! जादू टेबलात नसावी, ती हातात असावी.

आता तिवईच्या बांधणीकडे वळू.

पाय तीनच ठेवा. शेताची मोजणी करायला येणाऱ्या मोजणीदाराचे तीन पायांचे टेबल जुन्या मंडळींनी पाहिलेले आहे. बांधावर, ढेकळांत, कुठेही ते न डगमगता उभे राहायचे. याचे कारण भूमितीत आहे. चार पायांपैकी एखादा अधांतरी राहू शकतो. तीन टोके मात्र नेहमी एकाच पातळीत येतात. पण तीन पायांची एक खोडही आहे. दोन पायांच्या मधल्या बाजूला भार पडला, तर तिवई कलंडते. वजनाचा ओळंबा तीन पायांच्या त्रिकोणाच्या आत पडला पाहिजे, हा नियम ध्यानात ठेवा. वरची फळी अठरा इंच लांब आणि चौदा इंच रुंद असेल, तर जमिनीवर दोन पायांमधले अंतर अडीच फुटांच्या आसपास हवे. फळी याहून मोठी करण्याचा मोह टाळावा.

उंची दोन प्रकारची लागते. बाजारात माणसे उभी असतात, तिथे तीन फूट बरी. खेळकऱ्याला वाकावे लागत नाही आणि मागच्यांनाही दिसते. शाळेत मात्र मुले जमिनीवर बसतात. बसलेल्या लहान मुलाचे डोळे जमिनीपासून जेमतेम दोन फुटांवर येतात. त्याला तीन फुटांच्या तिवईची फळी खालून दिसणार, वरचे काहीच नाही! तिथे उंची दीड फूटच हवी. यासाठी प्रत्येक पाय दीड-दीड फुटाच्या दोन तुकड्यांचा करावा. जोडाला बोल्ट आणि हाताने पिळता येईल अशी कानांची चाकी बसवावी. पान्हा नको, पान्हा नेमका खेळाच्या दिवशी घरी राहतो. पायांना सागाची पट्टी उत्तम, नाहीतर भरीव बांबूही चालेल.

तिन्ही पाय एका बारीक साखळीने मध्यावर जोडा. शहाबादी फरशीवर पाय फाकत नाहीत. साखळीच्या मधोमध एक आकडा ठेवा आणि त्याला कापडी पिशवी अडकवा. खेळाच्या जागी पोचल्यावर तीत चार-पाच किलो दगड भरा. वजन घरून वाहून नेण्याचे कारण नाही. दगडांना खानदेशात तोटा नाही. वजन खाली लोंबले की तिवई वाऱ्याला दाद देत नाही. खेळ संपला, पिशवी रिकामी करा आणि एस्टीत बसा.

फळीला बारा मिलिमीटर जाडीचे प्लाय पुरते. कडेने पाव इंच उंचीची पट्टी मारावी, म्हणजे गोळी किंवा नाणे घरंगळून खाली जाणार नाही. वर बनात किंवा जुन्या घोंगडीचा तुकडा चिकटवावा. लोकरीवर गोळी थांबते, नाणे आवाज करत नाही आणि बोटांनी ते अलगद उचलता येते. रंगाचा विचार आपल्या उन्हाकडे पाहून करा. काळे कापड मे महिन्यात तव्यासारखे तापते, पांढरे डोळ्यांवर येते. गडद हिरवा किंवा तपकिरी रंग बरा. त्यावर पांढरी गोळी दुरूनही दिसते. गुरुजींना विस्तवाचा किंवा रसायनाचा प्रयोग दाखवायचा असेल, तर फळीवर पत्रा आणि पत्र्यावर परात ठेवावी. शेजारी वाळूची बादली हवीच.

टेबलाला झालर लावू नका. एक तर लपवायचे काही नाही, आणि दुसरे म्हणजे झालर ही वाऱ्यात शिडासारखी फुगते. समोरच्या बाजूला वीतभर रुंदीची एकच पट्टी सोडा. तिच्यावर काय लिहायचे, ते पुढे सांगतो.

मांडणीविषयी दोन शब्द. पाठीमागे शाळेची भिंत किंवा निंबाचे झाड घ्यावे, म्हणजे पाठ झाकली जाते. ऊन प्रेक्षकांच्या पाठीवर यावे, डोळ्यांत नव्हे. तिवईपासून पाच-सहा पावलांवर चुन्याने अर्धवर्तुळ आखा आणि पहिली रांग त्यावर बसवा. हिएरोनिमस बॉस या डच चित्रकाराच्या नावाने ओळखले जाणारे, सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचे एक चित्र आहे. त्यात जादूगार टेबलावर वाट्या-गोळ्यांचा खेळ करतो आहे, एक जण तोंड वासून टेबलावर वाकला आहे, आणि मागचा माणूस त्याची थैली लांबवतो आहे! गर्दी दाटीवाटीने उभी राहिली की असे व्हायचेच. माणसे ऐसपैस बसली तर ज्याचा त्याचा खिसा शाबूत राहतो आणि खेळकऱ्यावर आळ येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एका तिवईसाठी एवढा प्रपंच कशाला? त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण शिक्षकांसाठी. लिंबू कापले की रक्त येते, पाणी शिंपडले की होम पेटतो, अशा गोष्टी दाखवून भोळ्या माणसांना लुबाडणारे बुवा आपल्या भागातही येतात. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८९ साली स्थापन झाली. तिचे कार्यकर्ते गावोगावी हेच चमत्कार करून दाखवतात आणि लगेच त्यांचे कारणही सांगतात. समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणे हा आज गुन्हा आहे. ‘ही हातचलाखी आहे’ असे सांगून खेळ करणारा मात्र कोणाला फसवत नाही. गुरुजी, कायदा वर्गात वाचून दाखवाल तेव्हा मुले ऐकतील. पण सुरीला आधी लावलेले रसायन त्यांना दाखवाल, आणि एखाद्या मुलाला तिवईखाली वाकून पाहायला सांगाल, तर ते मूल पुढे कुठल्याही बुवासमोर बसले तरी आधी वाकून खाली पाहील.

दुसरे कारण खेळकऱ्यासाठी. पिढ्यान्‌पिढ्या फिरून पोट भरणाऱ्या या माणसाची वाट दिवसेंदिवस अरुंद होत गेली. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने भिकेच्या व्याख्येत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे आणि खेळ करणे ही निमित्तेही ओवली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने साप धरायला आणि बाळगायला बंदी आली. ती सापांच्या हिताची होती, पण टोपलीवर जगणाऱ्याला दुसरे साधन कोणी दिले नाही. आणि मग १ जुलै २०१८ उजाडला. आपल्याच जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला बाजारचा दिवस होता. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा उठली आणि भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. बहुतांशी सोलापूर जिल्ह्यातून पोटासाठी आलेली माणसे होती ती. त्यांचे नाव-गाव कोणी नीट विचारलेही नाही.

कोणतीही तिवई असल्या जमावाला अडवू शकत नाही, हे मी जाणतो. दोष परक्या माणसाचा नव्हता. विचारायच्या आधी हात उचलणाऱ्यांचा होता. तरीही जे हाती आहे ते करू या. तिवईच्या पुढच्या पट्टीवर खेळकऱ्याने आपले नाव, गाव आणि ‘हातचलाखीचे खेळ’ एवढे ठळक अक्षरांत रंगवून घ्यावे. गावात शिरताच ग्रामपंचायतीत आणि शाळेत जाऊन भेटावे. आणि गावकऱ्यांनो, तुमच्याकडूनही एक गोष्ट हवी. बाजारात नवा माणूस दिसला, तर आपल्या अहिराणीत त्याला विचारा, ‘भाऊ, कोन्हा गावना तू?’ चहा पाजा. मुख्याध्यापकांनी त्याला एक दिवस पटांगण द्यावे, मुलांना खेळ दाखवावा आणि मोबदला हातात द्यावा, मेहनताना म्हणून. भीक म्हणून नव्हे.

येत्या सुटीत सुतारकाम येणाऱ्या मोठ्या मुलांना हाताशी घ्या आणि शाळेसाठी एक तिवई करा. मापे पुन्हा सांगतो, लिहून घ्या: फळी अठरा बाय चौदा इंच, पाय तीन, प्रत्येक पाय दीड-दीड फुटाच्या दोन तुकड्यांचा, पूर्ण उंचीवर दोन पायांत अंतर अडीच फूट, खाली दगडांची पिशवी. गावात खेळकरी आला, तर त्यालाही ती वापरायला द्या.